रिपोर्ट नॉर्मल आले, त्रास तसाच : पॅनिक डिसऑर्डर आणि अ‍ॅगोराफोबिया कसे ओळखाल?

रात्री जेवण आटोपून माणूस टीव्हीसमोर बसलेला असतो आणि अचानक छातीत धडधड सुरू होते. हातपाय गार पडतात, श्वास पुरत नाही, 'आता आपलं काही खरं नाही' अशी खात्रीच पटते. रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं जातं. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, आणि तासा-दोन तासांत डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." पंधरा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा होतो.

पुढचे काही महिने मग शोधाशोधीत जातात. कुणी हृदयरोगतज्ज्ञ बदलतं, कुणी गॅसची औषधं सुरू करतं, कुणाची आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. वाचकांचे प्रश्नही ठरलेले असतात. हे हृदयाचं की मनाचं? मनाचं असेल तर छाती खरोखर कशी दुखते? झटका आला म्हणजे आजार जडला का? आणि दाखवायचं कुणाला? या सगळ्यांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. तपासण्या नॉर्मल आल्या की निदान संपलं, असं घरच्यांनाच नव्हे तर काही डॉक्टरांनाही वाटतं. प्रत्यक्षात पॅनिक डिसऑर्डरचं निदान तिथून सुरू होतं, आणि ते झटक्याच्या दहा मिनिटांपेक्षा दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांवर जास्त अवलंबून असतं.

आधी शरीर तपासून घ्या

हा लेख वाचून 'मला पॅनिकच आहे' असं ठरवू नका. पुढीलपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट आपत्कालीन विभागात जा. कारणाची चर्चा नंतर करता येईल.

- छातीतलं दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरत असेल. जिना चढताना, चालताना सुरू होत असेल. किंवा पंधरा-वीस मिनिटांनंतरही कमी होत नसेल.
- असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही सोबत असेल.
- शुद्ध हरपली असेल, बोलणं अडखळत असेल, शरीराची एक बाजू लुळी पडली असेल.

स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. त्यामुळे 'बाईमाणूस आहे, घाबरली असेल' असं म्हणून घरी बसवणं धोक्याचं आहे.

तातडीचा धोका टळला की फॅमिली डॉक्टरांकडे शांतपणे एक फेरी करा. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर या साध्या तपासण्या बहुतेकांना पुरतात. पुढचं काय करायचं ते लक्षणांवरून ठरतं. धडधड एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबत असेल, तर ती हृदयाच्या ठोक्यांची गडबड असू शकते. पॅनिकची धडधड सावकाश ओसरते. ठोक्यांची गडबड ईसीजीत सापडायची तर ती चालू असतानाच ईसीजी निघायला हवा; म्हणून डॉक्टर कधी कधी चोवीस तासांचं होल्टर मशीन लावतात. अशा गडबडीवर, विशेषतः स्त्रियांमध्ये, चुकून पॅनिकचा शिक्का बसल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. अंथरुणात कूस बदलताच गरगरत असेल तर कानाची तपासणी हवी. मधली काही मिनिटं आठवतच नसतील, जीभ चावली गेली असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्रास होत असतानाच साखर मोजावी.

दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, एनर्जी ड्रिंक, दिवसभरातले सात-आठ कप चहा, आदल्या रात्रीची दारू उतरताना होणारी थरथर, गांजा यांनीही हुबेहूब असंच होतं. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, कारण घाईच्या ओपीडीत ते विचारलं जाईलच असं नाही.

एवढं झाल्यावर मात्र थांबा. सहावा ईसीजी आणि तिसरी टूडी इको यांतून नवं काही कळत नाही. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी 'त्यांच्या नजरेतून काही सुटलं तर नसेल?' हा प्रश्न परत येतो. ही शंकासुद्धा आजाराचं लक्षण असू शकते.

झटका म्हणजे नक्की काय?

काही मिनिटांत टोकाला पोचणारी तीव्र भीती किंवा अस्वस्थता, आणि तिच्यासोबत खालच्या १३ पैकी किमान ४ लक्षणं, अशी पॅनिक अटॅकची व्याख्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या नियमावलीत आहे.

- छातीत धडधड. छातीत दुखणं किंवा दाटून येणं
- दम लागणं. गुदमरल्यासारखं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं
- घाम फुटणं, थरथर, थंडी वाजणं किंवा अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं
- मळमळ, पोटात गोळा येणं
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. हातापायांना किंवा तोंडाभोवती मुंग्या
- आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, किंवा आपणच आपल्यापासून दूर झाल्यासारखं वाटणं
- 'ताबा सुटेल', 'वेड लागेल' ही भीती. 'आता मरणार' ही भीती

ही लक्षणं कल्पनेतली नसतात. धोक्याच्या वेळी शरीर जे करतं तेच इथे धोका नसताना होतं. हृदय खरोखर जोरात धडधडतं, जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड खरोखर कमी होतो आणि म्हणून मुंग्या येतात. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. 'मी इथेच चक्कर येऊन पडेन' ही भीती सर्रास असली, तरी पॅनिकच्या झटक्यात बेशुद्ध पडणं विरळ आहे. बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो, आणि झटक्यात तो सहसा चढतो.

अमेरिकेतला बास्केटबॉलपटू केव्हिन लव्ह ५ नोव्हेंबर २०१७ रोजी सामन्याच्या मध्यावर मैदान सोडून ड्रेसिंग रूममध्ये गेला. हृदय धडधडत होतं, श्वास मिळत नव्हता, आणि तो जमिनीवर पाठ टेकून पडला. क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. मार्च २०१८ मध्ये त्याने स्वतः लेख लिहून हे जाहीर केलं. हॉस्पिटलमधून बाहेर पडताना, सगळं ठीक आहे तर मग मला झालं तरी काय, हा प्रश्न त्याला पडला होता. तोपर्यंत समुपदेशन ही आपल्यासाठीची गोष्ट नाही असं मानणारा हा खेळाडू त्यानंतर थेरपिस्टकडे जाऊ लागला.

एक झटका म्हणजे आजार नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २५ देशांत झालेल्या पाहण्यांमध्ये आयुष्यात कधी तरी पॅनिक अटॅक आलेल्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्के निघालं. पॅनिक डिसऑर्डर झालेले मात्र दोन टक्क्यांहूनही कमी होते. मधला फरक समजून घेण्यासाठी स्वतःला हे विचारा:

- झटके एकाहून अधिक वेळा आले आहेत का? आणि त्यांतले काही तरी अचानक, काही कारण नसताना आले का? झोपेतून दचकून जाग येणं यातच मोजतात. फक्त कुत्रा अंगावर आल्यावर किंवा फक्त भाषणाला उभं राहिल्यावर घाबरत असाल, तर निदान वेगळं होतं.
- त्यानंतर निदान महिनाभर 'पुन्हा येईल का', 'हार्ट फेल होईल का' हा घोर मनात राहिला का?
- किंवा त्या महिन्यात तुमचं वागणं बदललं का? जिना चढणं सोडलं, व्यायाम बंद केला, रात्री एकटं झोपणं बंद झालं, हॉस्पिटलजवळचंच घर बघायला लागलात?

पहिल्या प्रश्नाला 'हो' आणि उरलेल्या दोहोंपैकी एकाला 'हो' असेल, शिवाय शारीरिक आजार, औषध किंवा नशा हे कारण नसेल, तर डॉक्टर पॅनिक डिसऑर्डरचा विचार करतील. नैराश्यात, सामाजिक भयात, अपघातानंतरच्या मानसिक आघातातही असे झटके येतात. म्हणून शेवटचा निर्णय तज्ज्ञांचाच.

अ‍ॅगोराफोबिया : बंद पडलेल्या वाटा

हा आजार पॅनिकपेक्षा जास्त निसटतो, कारण तो सवयीच्या आड लपतो. डीएसएम-५ मध्ये पाच प्रकारची ठिकाणं दिली आहेत: सार्वजनिक वाहनं, मोकळी जागा, जसं मैदान किंवा पूल, बंदिस्त जागा, जसं थिएटर किंवा मॉल, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांपैकी किमान दोन ठिकाणी भीती वाटते, साधारण सहा महिने किंवा अधिक काळ वाटते, आणि भीतीचं कारण एकच असतं : इथे काही झालं तर सुटता येणार नाही, मदत मिळणार नाही. मग माणूस ती ठिकाणं टाळतो, कुणाला तरी सोबत नेतो, किंवा जीव मुठीत धरून वेळ काढतो.

आपल्याकडे हे कसं दिसतं? एरवी पाच मिनिटं वाचवायला धडपडणारा मुंबईकर फास्ट लोकल सोडून स्लो धरू लागतो, कारण स्लो दर दोन-चार मिनिटांनी थांबते आणि उतरता येतं. पुण्याला जाताना द्रुतगती मार्ग नको वाटतो. मधेच गाडी वळवता येत नाही, शिवाय बोगदे. अटल सेतूचे सुमारे २२ किलोमीटर तर विचारूच नका. लग्नात खुर्ची दाराजवळची लागते. पंढरपूरला जाणं होतं, पण दर्शनबारीत उभं राहणं होत नाही, कळसाचं दर्शन घेऊन परतावं लागतं. विचारलं तर प्रत्येक गोष्टीला पटणारं कारण तयार असतं.

यातली सर्वांत फसवी अवस्था म्हणजे झटके थांबणं. टाळायची ठिकाणं सगळी टाळून झाली की झटका यायला जागाच उरत नाही, आणि घरचे म्हणतात, "आता बरा आहे." घरून काम करण्याची सोय असेल तर हे वर्षानुवर्षं चालतं. डीएसएम-५ ने अ‍ॅगोराफोबियाला पॅनिकपासून वेगळं, स्वतंत्र निदान केलं ते म्हणूनच उपयोगी आहे. तुम्हाला पूर्ण झटका कधीच आला नसला तरी अ‍ॅगोराफोबिया असू शकतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

बायकांच्या बाबतीत अधिक बारकाईने बघावं लागतं. पॅनिक डिसऑर्डर स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतो. पण 'बाहेर जाताना कुणी तरी सोबत हवंच' हे अनेक घरांत रीत म्हणूनच खपून जातं, त्यामुळे आजार दिसत नाही. उलट, अंधाऱ्या गल्लीतून रात्री एकटीने न जाणं ही सावधगिरी असते, आजार नव्हे. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असेल तरच निदान होतं. स्वतःला एवढंच विचारा : मला परवानगी असती, रस्ता सुरक्षित असता, दिवस असता, तरी मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले असते का?

पुरुष वेगळ्या रीतीने लपवतात. लोकलऐवजी बाइक, प्रवासाआधी दोन पेग, 'मला गर्दी आवडतच नाही' असा बाणा. गंमत म्हणजे १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफालने या आजाराला नाव दिलं तेव्हा त्याने वर्णन केलेले तिन्ही रुग्ण पुरुषच होते. शहरातले मोकळे चौक ओलांडताना त्यांचे पाय अडायचे.

फक्त लिफ्टची किंवा फक्त विमानाची भीती असेल तर तो एका गोष्टीपुरता फोबिया. 'लोक काय म्हणतील' या भीतीने गर्दी टाळत असाल तर ते सामाजिक भय. उपचारांची दिशा बदलते, म्हणून हा फरक डॉक्टरांपुढे स्पष्ट करा.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या

पॅनिक डिसऑर्डर दाखवणारी रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. निदान तुमच्या सांगण्यावरून होतं, आणि ओपीडीत गोंधळून अर्धं सांगायचं राहून जातं. घरी बसून लिहा:

- पहिला झटका केव्हा, कुठे, काय करत असताना आला. किती मिनिटांत वाढला, किती वेळाने ओसरला.
- गेल्या महिन्यात किती झटके आले. झोपेत आले का.
- आधी सहज करत होता आणि आता करत नाही, अशा सगळ्या गोष्टी. कागदावरचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो संकोच न करता भरा.
- आधारासाठी काय जवळ बाळगता : पाण्याची बाटली, खिशातली गोळी, मोबाइलवर डॉक्टरांचा नंबर उघडून ठेवणं.
- चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, दारू. चालू असलेली सगळी औषधं.
- झोप, भूक, उदासी. 'जगून काय करायचं' असे विचार येत असतील तर तेही लिहा. ते असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

कुणाकडे जायचं?

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि औषधं दोन्ही त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. नुसतं 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते; गोव्यात बांबोळीची संस्था आहे. तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. घराबाहेर पाऊलच पडत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेणंही २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार वैध आहे.

इथे पाय घसरतो

- जिभेखालची गोळी. सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी आहे. डॉक्टरांनी सांगितलं नसताना ती घेतली तर रक्तदाब घसरून खरोखर चक्कर येऊ शकते.
- झोपेची, 'शांत करणारी' गोळी. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामने लवकर बरं वाटतं, आणि सवय तिथेच लागते. डॉक्टर सुरुवातीचे काही दिवस ती देऊ शकतात. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजाऱ्याची घेऊ नका, आणि महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका; फिट येऊ शकते. दोन मिनिटांच्या तपासणीनंतर हीच गोळी हातात पडली तर विचारा : माझं निदान काय? ही किती दिवस घ्यायची?
- मुख्य औषध आठवड्यात सोडणं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. डॉक्टरांना कळवा, परस्पर बंद करू नका.
- नुसत्या गप्पांची थेरपी. या आजारांत परिणाम सिद्ध झालेली पद्धत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी आहे. तिच्यात टाळलेल्या जागांकडे टप्प्याटप्प्याने परत जाण्याचा सराव असतो. तो कधी सुरू होणार, हे विचारा.
- कागदी पिशवीत श्वास. सिनेमात बघून करतात. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर ते घातक ठरू शकतं. खाली बसून श्वास सावकाश सोडत राहणं पुरेसं आहे.
- घरच्यांची कायमची सोबत. सुरुवातीला ठीक. पुढे तीच कुबडी होते. सोबत कशी कमी करत न्यायची, हे थेरपिस्टशी बोलून ठरवा.

तुमचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या कामाचं एवढं:

- सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क (कलम १८).
- आजाराबद्दलची गोपनीयता (कलम २३). कायद्यातले मोजके अपवाद सोडता डॉक्टर तुमची माहिती परस्पर इतरांना देऊ शकत नाहीत.
- स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क (कलम २५). डॉक्टर बदलताना याचा उपयोग करा.
- आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक (कलम २१). ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना तसं कळवलं. मात्र अनेक पॉलिसींमध्ये ओपीडीचा खर्चच धरलेला नसतो, आणि हे उपचार बहुतांशी ओपीडीतच होतात. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का, ते आधी वाचा.
- सेवेत कसूर झाली तर आधी संस्थेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि नंतर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार (कलम २८).

निदान पुन्हा तपासायची वेळ

पहिला झटका पंचेचाळिशीनंतर आला असेल, झटक्यात शुद्ध जात असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, किंवा योग्य मात्रेत औषध आणि नियमित थेरपी घेऊन तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर डॉक्टरांना शारीरिक कारणांचा फेरविचार करायला सांगा. त्या भेटीला जाताना टाळलेल्या गोष्टींची ती यादी बरोबर न्या आणि त्यातल्या किती गोष्टी परत करू लागला आहात त्यावर खुणा करा. केवळ 'झटके किती आले' यावरून सुधारणा मोजली, तर घरात बसून राहिलेला माणूसही बरा झालेला दिसतो.